किल्ल्यांचा चुना भाजला कुठं? भट्ट्या का दिसत नाहीत?

उत्तरकसबा

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात इतिहास शिकवते. परवा नववीच्या वर्गाला घेऊन भुईकोट किल्ल्यात गेले होते. बहमनी, आदिलशाही, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला, एवढं मुलांना पाठच होतं. सिद्धेश्वर तलावाकडच्या बाजूला तटाचा थोडा भाग ढासळलाय. तिथं दगडांमधला पांढुरका थर दाखवून एका मुलीनं विचारलं, "बाई, दगड खाणीतनं आला, हे कुठनं आलं?" चुना आहे म्हणून सांगितलं, तर लगेच पुढचा प्रश्न, "मग चुना कुठनं आला?"

घरी येऊन वाचायला घेतलं. युरोपातल्या मध्ययुगीन किल्ल्यांबद्दल वाचलं की दर दोन पानांनी चुनाभट्टीचा उल्लेख येतो. काही ठिकाणी तर किल्ल्याच्या आवारातच भट्टी सापडली आहे. आपल्याकडे गडांवर चुन्याची घाणी हमखास दाखवतात, तो गोल दगडी चर आणि ते मोठं चाक. भट्टी मात्र कुणी दाखवत नाही. इथं तर सगळा काळा पाषाण, त्यातून चुना निघत नाही. मग चुनखडी गुलबर्ग्याकडून गाड्या भरभरून आणली असेल का? आणि गूळ, बेलफळ, अंडी घालायचे म्हणतात ते कितपत खरं?

त्या थरात काळे ठिपकेही दिसले. ते काय असावेत? मुलीला नीट उत्तर द्यायचंय, म्हणून जाणकारांना विचारते.

सांगोलेकर

बाई, प्रश्न लाखमोलाचा आहे. किल्ला बघायला येणारा माणूस बुरूज बघतो, तोफा बघतो, दरवाजाचे खिळे मोजतो. दोन दगडांच्या मधे काय आहे ते कुणी बघत नाही.

मी सांगोला तालुक्यातला, लोणारी. आमच्या घरात वडिलांपर्यंत चुना भाजायचं काम होतं, चुलते कोळसा पाडायचे. लहानपणी मी भट्टीवर खडे वेचायला आणि पाणी मारायला असायचो. सिमेंट गावोगाव पोचलं तशी भट्टी बंद झाली, पण कामाची रीत अंगात आहे. ती लिहून ठेवावी असं फार दिवस मनात होतं.

आधी दगडाचं. गुलबर्ग्याच्या बाजूला, शहाबाद-वाडीकडं फरशीच्या दगडाचे थर आहेत आणि तो दगड चुन्याचाच, हे बरोबर. पण तेवढ्या लांब जायची गरजच काय? आपल्या काळ्या रानात दोन-चार हात खणा, पांढरे-पिवळट खडे लागतील. विहीर खणताना निघतात, ओढ्याच्या दरडीत तर उघडेच दिसतात. काळ्या दगडाची झीज होऊन जी माती झाली त्यातला चुना पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो, आणि उन्हाळ्यात पाणी उडालं की खालीच गोळा होऊन बसतो. पाऊस कमी आणि ऊन कडक, म्हणून आपल्या भागात हे खडे भरपूर. शेतकरी त्यांना शिव्या घालतो, लोणारी त्यांच्या मागं फिरतो.

हे खडे निव्वळ चुन्याचे नसतात, पोटात माती असते. दिसायला कमीपणा, पण बांधकामाला तोच मोठेपणा. भाजताना ती माती आणि चुना एकमेकांत मिळतात आणि पाण्यात धरणारा, म्हणजे ओलाव्यातही घट्ट होणारा, चुना तयार होतो. शुद्ध पांढऱ्या दगडाचा चुना हवेतनं घट्ट होतो, त्याला हवा लागतेच. दहा-बारा फूट जाड तटाच्या पोटात हवा पोचणार कशी? तिथं तो वर्षानुवर्षं मऊ राहतो. खड्यांच्या चुन्याला हवेची वाट बघावी लागत नाही. नळदुर्गला जाऊन या. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात घातलेला बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर-मादीचे दोन्ही धबधबे कोसळत असतात आणि माणूस बांधाच्या आतल्या खोलीत उभा राहून ते बघतो. नुसत्या हवेवर सुकणाऱ्या चुन्याच्या हातचं हे काम नाही. त्याला पाण्यात धरणारा चुनाच लागतो, मग तो खड्यांचा असो की सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळलेला असो.

आता भट्टी. आमच्याकडं ओढ्याकाठी उतार बघून पुरुषभर खोल गोल खड्डा घ्यायचे आणि उताराच्या अंगानं खाली एक तोंड ठेवायचे. वारा कुठनं येतो ते बघूनच तोंडाची दिशा ठरायची. तळाला बाभळीची जाड लाकडं, वर खड्यांचा थर, परत जळण, परत खडे, असं करत काठोकाठ. वडिलांच्या तरुणपणी सोलापूरच्या गिरण्यांच्या बॉयलरमधला अर्धवट जळालेला कोळसाही जळणाला आणायचे. सगळ्यात वर माती-शेणाचा लेप आणि धूर जायला भोकं. पेटली की दोन-तीन दिवस-रात्र जळायची आणि गार व्हायलाही तेवढेच दिवस घ्यायची. त्या काळात वडील भट्टीच्या खालच्या अंगाला कुणाला झोपू द्यायचे नाहीत. दगडातनं निघणारी हवा जड असते, खोलगट जागेत साचते. थंडीत ऊब मिळते म्हणून भट्टीशेजारी अंग टाकलेला माणूस सकाळी उठत नाही. मुलांना हे सांगाच.

दगड लालभडक होऊन बराच वेळ तसाच राहायला हवा, साधारण ९०० अंशांच्या आसपास. तेव्हा त्यातला वायू निघून जातो. शुद्ध दगड १०० किलो घातला तर ५६ किलो कळी, म्हणजे भाजलेला चुना, मिळते, बाकीचे ४४ किलो हवेत गेले. म्हणून नीट भाजलेला खडा हातात घेतल्या घेतल्या कळतो, आकार तेवढाच पण वजन जवळजवळ निम्मं. वडील न बघता नुसते उचलून बाजूला टाकायचे, हा झाला, हा कच्चा. कमी भाजला तर पोटात दगडच राहतो. जास्त भाजला तर खंगर होतो, पाणी मारलं तरी वेळेवर फुलत नाही. तोच खंगर भिंतीत गेला की कधीतरी सावकाश फुलायला लागतो आणि गिलाव्याला फोड येतात.

पाणी मारायचं काम माझं. खड्यांच्या ढिगावर पाणी शिंपडलं की क्षणभर काहीच होत नाही. पाणी आत जिरतं, खडा परत कोरडा दिसतो. मग सूं असा बारीक आवाज, खड्याला एक चीर, चिरेतनं वाफ, आणि बघता बघता तो फुलून त्याचं पीठ होतं. हात जवळ नेववत नाही इतका ताव असतो. भाजका चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. वडील हातापायांना करडईचं तेल चोळल्याशिवाय कामाला हात लावू द्यायचे नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, भट्ट्या दिसत का नाहीत. एक तर त्या किल्ल्यात असायची गरज नव्हती. जिथं खडे आणि जळण तिथं भट्टी. कच्चा दगड आणि लाकूड दोन्ही गाड्यांत घालून किल्ल्यापर्यंत ओढण्यापेक्षा तयार कळी आणणं निम्म्या वजनाचं. धोका एवढाच की वाटेत पावसाचं पाणी लागलं तर गाडीसकट पेट घेते, म्हणून भाजणं आणि वाहणं उन्हाळ्यात. दुसरं म्हणजे भट्टी मातीची. काम झालं की तिला किंमत उरत नाही. काठ ढासळतो, दोन पावसाळ्यांत खड्डा बुजतो, वर बाभळी उगवतात. घाणी दगडाची, म्हणून राहिली. घाणीत चुना भाजत नाहीत, विरलेला चुना आणि वाळू बैलाच्या चाकाखाली घोटतात, म्हणजे गाठी फुटतात आणि चुना वाळूला चिकटतो. लोकांना घाणी दिसते म्हणून चुना तिथंच तयार झाला असं वाटतं. खरं जळकं काम आधीच कुठंतरी शिवारात उरकलेलं असतं.

जळणाचा हिशेब मुलांकडून करून घ्या. मी ढोबळ करून दाखवतो. १०० मीटर लांब, १० मीटर उंच, ३ मीटर जाड तट धरा, म्हणजे ३,००० घनमीटर. ओबडधोबड दगडाच्या कामात तिसरा हिस्सा चुन्याचा माल जातो, म्हणजे १,००० घनमीटर. एक भाग चुना, दोन भाग वाळू असं धरलं तर २०० टनांच्या आसपास कळी लागते. ती काढायला साडेतीनशे टनांवर दगड भाजायचा, आणि साध्या खड्डाभट्टीत कळीच्या टनाला किमान टनभर लाकूड जातं. गाभ्यात माती-मुरूम भरला असेल तर आकडा बराच खाली येईल. तरीसुद्धा तटाच्या एका बाजूसाठी एवढी बाभळ कापली जाते. किल्ला किती वर्षांत उभा राहील हे पाथरवटाच्या छिन्नीवर ठरतं तेवढंच लोणाऱ्याच्या जळणावरही ठरतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आपल्याकडच्या गढ्या बघा, पांढऱ्या मातीच्या. घरांवर माळवद, तेही पांढऱ्या मातीचं. चुना जपून वापरायचे. तट, हौद, विहीर, देऊळ, जिथं पाणी आणि मार झेलायचा तिथंच तो जायचा.

गूळपाणी, बेलफळाचा गर, हिरडा हे खरं आहे, घरी बघितलंय. गुळाच्या पाण्यात चुना जास्त विरघळतो आणि माल थापीखाली लोण्यासारखा चालतो. अंड्यांचं आमच्या घरात कधी ऐकलं नाही. इथं माणसांना खायला अंडी मिळायची मारामार!

बार्शीलाइट

मामा, दंडवत. हे सगळं कुणीतरी जपून ठेवा.

युरोपच्या बाजूची थोडी भर घालतो, बाईंना वर्गात उपयोगी पडेल. वेल्समध्ये बोमॅरिस नावाचा किल्ला आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं १२९५ मध्ये तो बांधायला घेतला. १२९६ च्या फेब्रुवारीत तिथला मुख्य बांधकामप्रमुख जेम्स ऑफ सेंट जॉर्ज यानं खजिन्याला पत्र लिहिलं. आठवड्याला २५० पौंड तरी लागतील, एवढा पैसा कुठं जातो असा प्रश्न तुम्हाला पडेल, म्हणून सांगतो, असं त्यात लिहिलं. मग यादी येते: ४०० गवंडी, २,००० बिगारी, २०० खाणकामगार, ३० लोहार, १०० छोट्या गाड्या, ६० मोठ्या गाड्या आणि ३० होड्या. त्या होड्यांतून दगडाबरोबर दगडी कोळसाही यायचा. कोळसा कशाला, तर एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे चुनाभट्टी. मामांचा जळणाचा मुद्दा राजाच्या कागदपत्रांतच सापडतो. आणि एवढं करूनही बोमॅरिस पुरता झालाच नाही, पैसे आटले.

त्या कोळशाच्या धुराचा लंडनला इतका त्रास झाला की १२८५ मध्ये चुनाभट्ट्यांच्या तक्रारींची चौकशी बसली, आणि १३०७ मध्ये शहरालगतच्या काही भागांतल्या भट्ट्यांत तो कोळसा जाळायला राजानं मनाई केली. हवेच्या प्रदूषणावरच्या अगदी जुन्या सरकारी हुकमांमधला हा एक, आणि तो निघाला चुन्यापायी.

भट्टी किल्ल्यातच सापडल्याचं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधलं बेडफर्ड. अशा किल्ल्यांचं काम वर्षानुवर्षं चालायचं, म्हणून पक्की भट्टी परवडत असावी. आणखी एक फरक हवेचा. तिकडं थंडीत ओला चुना गोठून फुटतो, म्हणून हिवाळ्यात बांधकाम थांबवायचे आणि अर्धवट भिंतींच्या माथ्यावर गवत-पेंढा टाकून झाकायचे. आपल्याकडं उलटी पंचाईत असणार, नाही का मामा? मे महिन्यात सोलापुरात ४३-४४ अंशांत चुना धरायच्या आधीच वाळत असेल.

दर्जभराई

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. काळ्या ठिपक्यांचं उत्तर देतो. ते बहुतेक कोळशाचे कण, भट्टीतल्या जळणाचे. चुना चाळला तरी थोडे राहतातच. त्यांच्याबरोबर पांढऱ्या गाठी दिसल्या तर त्या नीट न मिसळलेल्या चुन्याच्या, आणि करड्या टणक गाठी म्हणजे अर्धकच्चे खडे. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीनं भट्टीच बघितली आहे, फक्त भिंतीत.

हे कण फार मोलाचे असतात. त्यांच्यावरून कार्बनच्या पद्धतीनं बांधकामाचा काळ काढता येतो. फक्त सावध राहावं लागतं, कारण लाकूड जुन्या झाडाच्या गाभ्याचं असेल तर काळ मागं जातो. म्हणून बारीक फांद्यांचा कोळसा किंवा थेट चुन्याच्या गाठी घेणं चांगलं. पण हे काम प्रयोगशाळेचं आहे. भुईकोट संरक्षित स्मारक आहे, मुलांना तटातून नखभर चुनाही खरवडू देऊ नका. खाली पडलेला तुकडाही उचलू नये, जागेवर फोटो काढावा.

आणि एक कळकळीची विनंती, कुणाचाही जुना वाडा असो, दगडांच्या फटींत सिमेंट भरू नका. सिमेंट ओल बाहेर येऊ देत नाही. ती मागच्या चुन्यात कोंडते, क्षार साठतात, आणि बाहेरून टणक दिसणाऱ्या भिंतीचा आतला चुना भुगा होतो.

उत्तरकसबा

काय बोलू! मुलांना सगळं वाचून दाखवणार आहे. जळणाचा हिशेब तर गणिताच्या सरांना सोबत घेऊनच करते.

दर्जभराई, तुमच्या शेवटच्या ओळी वाचून पोटात गोळा आला. आमच्या वाड्यात जुना हौद आहे, आतून चुन्याचा गिलावा. दोन ठिकाणी भेगा पडल्यात. गवंड्यानं पुढच्या आठवड्यात सिमेंट लावतो म्हणून सांगितलंय. थांबवू का? आणि मामा, जुनी भट्टी मुलांना कुठं दाखवता येईल? काय खूण असते?

दर्जभराई

थांबवा. भेगेचा फोटो इथं टाका, रुंदी किती तेही लिहा.

सांगोलेकर

आज फोन करून थांबवा गवंड्याला. हौदाला चुनाच लावायचा. बाजारातला पिशवीतला पांढरा चुना तिथं एकटा टिकणार नाही, तो हवेवरचा. त्यात सुरखी घाला. पण विटा नीट बघून घ्या, कमी तावात भाजलेल्या, हातानं फुटणाऱ्या. खंगर झालेल्या विटेची भुकटी कामाची नाही. एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक भाग धुतलेली वाळू असं घेऊन आधी कोपऱ्यात वीतभर लावून बघा. भेग आधी खरवडून साफ करायची, पाणी मारून ओली करायची, मगच माल दाबून भरायचा.

बार्शीलाइट म्हणाले ते अगदी बरोबर, आपल्याकडं वैरी ऊन. चुना वाळणं वेगळं आणि धरणं वेगळं. लावल्यावर ओली गोणपाटं टाका आणि दोन आठवडे ती सुकू देऊ नका. चैत्र-वैशाखात हे काम काढूच नका, पाऊस उघडला की काढा. आणि तयार केलेला माल दुसऱ्या दिवसावर ठेवायचा नाही. पांढऱ्या दगडाचा चुना खड्ड्यात पाण्याखाली वर्षभर मुरवला तर आणखी चांगला होतो, पण सुरखीचा किंवा खड्यांचा चुना तसा ठेवला तर खड्ड्यातच धरून बसतो. पहारीनं फोडावा लागतो.

भट्टीची खूण. ओढ्याची दरड बघत चाला, पांढऱ्या खड्यांचा पट्टा दिसेल तिथं थांबा. आसपास जमिनीत गोल आकारात माती विटेसारखी लाल भाजलेली दिसली, तिच्यावर पांढरट खपली असली आणि काचेसारखे वितळलेले काळपट-हिरवट गोळे सापडले तर ती चुन्याची भट्टी. नुसती राख आणि लाल माती असेल तर ती कोळशाची किंवा विटांची. आमच्या माण नदीच्या अंगाला अशा जागा आहेत. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन या, मी येतो बरोबर. शेतमालकाला आधी सांगून ठेवतो.

येताना लिंबं आणा. रानातला खडा मुलांच्या हातात द्या आणि त्यावर लिंबू पिळायला सांगा. चुन्याचा असेल तर बारीक फेस येतो, साध्या गारगोटीवर येत नाही. कुठला खडा भाजायचा हे मुलं स्वतःच निवडतील. खडे मात्र शेतातलेच, किल्ल्यातले नाहीत. भाजून पाणी मारायचं काम मी लांबून दाखवीन, त्या वेळी एकही पोरगं वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहता कामा नये.